टर्मिनलवरून प्रिंटरला फाइल पाठवताना मराठी मजकूर तुटतो: उपाय हवा आहे

कोरा_ताव (धागाकर्ता)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी शिक्षक आहे आणि संगणक कक्ष सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच आहे. शाळेच्या कार्यालयात डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवलेला एक जुना संगणक आहे. त्याला पडदा नाही, परंतु लेझर प्रिंटर त्यालाच जोडलेला असल्याने संगणक कक्षातून एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे जाण्याची सोय) करून मी त्या संगणकावर जातो आणि तेथूनच छपाई करतो. दर महिन्याच्या शेवटी हजेरीचे गोषवारे, पालकांना द्यायच्या सूचना आणि घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका अशा चाळीसएक फाइली छापाव्या लागतात. एकेक फाइल उघडून माउसने छपाईचा आदेश देण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून हे काम टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टंकून, करावे असे ठरवले.

इंग्रजी फाइल व्यवस्थित छापली गेली. मराठी मजकुराची साधी टेक्स्ट फाइल पाठवली, तेव्हा मात्र कागदावर 'विद्यार्थी' हा शब्द ओळखू येईना. पहिली वेलांटी 'व'च्या आधी येण्याऐवजी नंतर आली, 'द्य'मधील हलन्त पाय मोडून सुटा दिसला आणि रफार 'थ'च्या डोक्यावर चढलाच नाही. त्यात भर म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाच्या एक-दोन ओळी कापल्या गेल्या. तिसरा प्रश्न अज्ञानाचा आहे. काही ठिकाणी 'एलपी' ही आज्ञा सांगितलेली दिसते, तर काही ठिकाणी 'एलपीआर'. यांपैकी कोणती वापरावी?

एक खुलासा करतो. या धाग्यात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच आणि लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. जेथे मोठे अक्षर लागते, तेथे तसे शब्दांत सांगावे, ही विनंती.

दिवा_मालवू_नका

आपल्या तीन प्रश्नांची मुळे तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, म्हणून आधी त्यांची फारकत करू.

एलपी ही आज्ञा स्वतः काहीही छापत नाही. ती फाइल 'कप्स' या छपाई-व्यवस्थेच्या रांगेत नेऊन ठेवते, कामाचा क्रमांक सांगते आणि बाजूला होते. त्यानंतर कप्स त्या फाइलचा प्रकार ओळखते आणि तिला गाळण्यांच्या साखळीतून नेते. टेक्स्ट फाइल असल्यास तिची आधी पीडीएफ होते, पीडीएफचे रूपांतर प्रिंटरला कळेल अशा भाषेत होते आणि शेवटी ते यूएसबी किंवा नेटवर्कच्या वाटेने रवाना होते. आपली जोडाक्षरे तुटतात ती या साखळीच्या पहिल्याच कडीत. टेक्स्टचे पीडीएफ करणारी ती गाळणी एका चिन्हासाठी एक आकृती घेते आणि त्या आकृत्या ओळीने मांडत जाते. रोमन लिपीला एवढे पुरते. आपल्याकडे 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी साठवली जाते, दाखवताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. हे भान त्या गाळणीला नाही. प्रिंटर यात निर्दोष आहे.

तळाच्या ओळी कापल्या जाण्याचे कारण बहुधा कागदाचा आकार हे असावे. आपण ए-फोर वापरतो, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. अमेरिकी लेटर कागद २१६ गुणिले २७९ मिलिमीटरचा असतो. संगणक बसवताना भाषा व प्रदेश म्हणून अमेरिका निवडली गेली असेल, तर रांगेचा मूळ कागद अनेकदा लेटर ठरतो आणि त्या दोन्ही उंचींत १८ मिलिमीटरचा फरक पडतो. पुढील दोन आज्ञा देऊन काय दिसते ते येथे सांगावे:

एलपीस्टॅट -पी -डी

एलपीऑप्शन्स -पी कार्यालय -एल

पहिली आज्ञा कोणत्या रांगा आहेत, त्या चालू आहेत की बंद आणि मूळ रांग कोणती, हे सांगते. दुसरी आज्ञा त्या रांगेचे सर्व पर्याय दाखवते आणि त्यांतील मूळ पर्यायापुढे तारांकन असते. 'कार्यालय' या जागी आपल्या रांगेचे नाव घालावे.

निवृत्त_यंत्रचालक

एलपी आणि एलपीआर यांच्याविषयी मी सांगतो, कारण या दोघांशी माझा संसार जुना आहे.

युनिक्सची दोन घराणी झाली. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह घराण्यातून एलपी आली, तर बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी घराण्यातून एलपीआर आली. दोन्हींतील 'एलपी' म्हणजे लाइन प्रिंटरच. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्सचे काम सुरू केले आणि १९९९ मध्ये ते लोकांसमोर आले, तेव्हा दोन्ही घराण्यांच्या सवयी असलेल्या माणसांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही आज्ञा ठेवल्या. आज आपण कोणतीही वापरली, तरी खाली तीच रांग आणि तीच गाळणी असते. मात्र पर्यायांची अक्षरे निराळी आहेत आणि घोटाळा तेथेच होतो. एलपीमध्ये प्रिंटर सांगण्यासाठी लहान 'डी' आणि प्रतींची संख्या सांगण्यासाठी लहान 'एन' लागतो. एलपीआरमध्ये प्रिंटरसाठी मोठा 'पी' आणि प्रतींसाठी हॅश हे चिन्ह लागते. तोच मोठा 'पी' एलपीमध्ये पानांचे क्रमांक सांगण्यासाठी वापरतात. म्हणून एकच निवडावी आणि तिच्याशी एकनिष्ठ राहावे. माझे मत एलपीच्या बाजूने आहे.

त्याचे आणखी एक कारण आहे. एलपीआरला लहान 'आर' हा पर्याय दिल्यास फाइल रांगेत गेल्यावर मूळ फाइल पुसली जाते. तो पर्याय 'उलट क्रमाने' किंवा 'पुन्हा' अशा अर्थाचा असावा, असे समजून एका होतकरू कारकुनाने तो वापरला होता. त्याचा तो दिवस मला अजून आठवतो.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात होतो. नव्वदच्या दशकात उसाची बिले १३२ स्तंभांच्या रुंद, सलग कागदावर ठिपक्यांच्या प्रिंटरवर निघत. इंग्रजी बिले युनिक्सवरून एलपीनेच जात. मराठीची गोष्ट वेगळी होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवावे लागे आणि मजकूर १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतांत साठवला जाई. सांगायचा मुद्दा असा की, त्या काळीही प्रिंटरला नुसती अक्षरे पाठवून मराठी छापता येत नव्हती. अक्षरांची जुळणी आधी दुसऱ्या कोणालातरी करावी लागे आणि मग ठिपके पाठवावे लागत. आजही तेच आहे, फक्त तो 'दुसरा कोणी' बदलला आहे.

कोरा_ताव

आपणा दोघांचे आभार. दिवा_मालवू_नका यांचा अंदाज अचूक निघाला. मूळ कागद लेटरच होता. पुढील आज्ञा दिल्यावर ओळी कापल्या जाणे थांबले:

एलपीऑप्शन्स -पी कार्यालय -ओ मीडिया=ए४

यातून नवी शंका निघाली आहे. ही आज्ञा मी माझ्या खात्यातून दिली. मुख्याध्यापकांच्या खात्यातून छपाई केली, तेव्हा ओळी पुन्हा कापल्या गेल्या.

दिवा_मालवू_नका

साध्या वापरकर्त्याने एलपीऑप्शन्सने केलेली नोंद त्याच्या स्वतःच्या खात्यातील लपलेल्या 'कप्स' संचिकेत (फोल्डरमध्ये) राहते. तीच आज्ञा सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिल्यास नोंद ईटीसी खालील कप्सच्या संचिकेत जाते आणि त्या संगणकावरील सर्वांना लागू होते. आपण एकदा सुडोने द्यावी.

खिळाजुळारी

मी पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी करतो, म्हणून जोडाक्षरांच्या प्रश्नाविषयी लिहितो.

देवनागरीचा शब्द कागदावर नीट उमटण्यासाठी तीन गोष्टी लागतात. युनिकोड मजकूर लागतो, देवनागरीच्या जोडणीचे नियम पोटात असलेला फाँट लागतो आणि ते नियम वाचून आकृत्यांची जागा बदलणारे जुळणी-यंत्र लागते. नोटो सॅन्स देवनागरी, लोहित किंवा मुक्त यांपैकी कोणताही फाँट बसवला, तरी तिसरी गोष्ट नसल्यास उपयोग होत नाही. फाँट बदलत राहूनही अनेकांना यश येत नाही, त्याचे कारण हेच असते. आज हे जुळणीचे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचा संच करतो. मजकूर मांडणारे पँगो त्याचा आधार घेते आणि लिबरऑफिस हा कार्यालयीन संचही घेतो.

त्यामुळे आपल्यापुढे दोन वाटा आहेत. मजकूर साधा टेक्स्ट असेल तर 'पॅप्स' नावाचा छोटा कार्यक्रम बसवावा. तो पँगोच्या साहाय्याने अक्षरे जुळवतो, छापण्याजोगा दस्तऐवज तयार करतो आणि तो थेट एलपीच्या हाती देता येतो:

पॅप्स --पेपर=ए४ --फाँट="नोटो सॅन्स देवनागरी १२" सूचना.टीएक्सटी | एलपी -डी कार्यालय

मधली उभी रेघ पहिल्या आज्ञेचे फलित दुसरीच्या तोंडी घालते. एलपीला फाइलचे नाव दिले नाही, तर ती समोरून येणारा प्रवाहच फाइल मानते.

दुसरी वाट लिबरऑफिसची आहे. गोषवाऱ्यात तक्ते असतील, समास ठरलेले असतील किंवा शाळेची मुद्रा असेल, तर पॅप्स पुरे पडणार नाही. तेव्हा खिडकी न उघडता फाइलची पीडीएफ करून घ्यावी आणि ती छापावी:

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ गोषवारा.ओडीटी

एलपी -डी कार्यालय गोषवारा.पीडीएफ

पीडीएफ तयार झाल्यावर 'पीडीएफफाँट्स' ही आज्ञा तिच्यावर चालवावी. फाँट पीडीएफच्या आत समाविष्ट झाला आहे की नाही, हे ती एका स्तंभात दाखवते. तेथे 'नाही' दिसले, तर पुढच्या संगणकावर किंवा प्रिंटरवर काय उमटेल याची खात्री देता येत नाही. छपाईनंतर तपासण्यासाठी माझा एक ठरलेला शब्दसंच आहे: 'विद्यार्थी, दऱ्याखोऱ्या, कर्तृत्व, शृंगार, ज्ञान, क्षितिज'. 'दऱ्या'मधील अर्धचंद्रासारखा र हा मराठीचा खास आहे आणि निष्काळजी फाँट तेथेच पकडला जातो.

हिरवा_पडदा

एवढा खटाटोप कशासाठी? एनस्क्रिप्ट किंवा एटूपीएस वापरावे. आम्ही वर्षानुवर्षे त्यांनीच टेक्स्ट फाइली सुबक चौकटीत छापल्या आहेत.

खिळाजुळारी

इंग्रजीसाठी ती दोन्ही साधने उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांची घडण एका अक्षराला एक बाइट देणाऱ्या संकेतांच्या काळातील आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यामुळे आपल्या 'क'च्या जागी तीन भलतीच चिन्हे उमटतील. येथे त्यांचा उपयोग नाही.

हिरवा_पडदा

मान्य. आत्ताच एक ओळ छापून पाहिली. कागद फुकट गेला.

दिवा_मालवू_नका

कागद फुकट घालवू नये म्हणूनच एक सुचवतो. 'कप्स-पीडीएफ' नावाचा एक आभासी प्रिंटर बसवता येतो. तो इतर रांगांसारखीच एक रांग दाखवतो, परंतु कागदाऐवजी पीडीएफ फाइल काढून ठेवतो. नवी आज्ञा असो वा नवा पर्याय, आधी त्या रांगेत पाठवून फलित डोळ्यांखालून घालावे आणि मगच खऱ्या प्रिंटरकडे वळावे. १२० प्रतींची प्रश्नपत्रिका पाठवण्याआधी तर हे कराच. रद्द करण्यासाठी 'कॅन्सल' ही आज्ञा आहे. मात्र प्रिंटरच्या स्मृतीत आधीच उतरलेली पाने ती दिल्यावरही बाहेर पडत राहतात.

कोरा_ताव

पॅप्सने सूचना अगदी स्वच्छ छापल्या. 'विद्यार्थी' सुखरूप आहेत.

लिबरऑफिसच्या वाटेवर मात्र अडखळलो. संगणक कक्षातील संगणकावर रूपांतराची आज्ञा दिली की ती काहीही न बोलता संपते आणि पीडीएफ तयार होत नाही. चूकही दाखवत नाही. कार्यालयातील संगणकावर मात्र तीच आज्ञा चालते.

खिळाजुळारी

संगणक कक्षातील संगणकावर लिबरऑफिसची खिडकी उघडी आहे का, ते पाहावे. एकाच वापरकर्त्याच्या एकाच प्रोफाइलवर दुसरी प्रत सुरू करायला गेले, की ती पहिलीकडे काम सोपवून निघून जाते आणि काम अनेकदा होतच नाही. खिडकी बंद करावी, किंवा आज्ञेला वेगळ्या प्रोफाइलची जागा दाखवावी. त्यासाठी '-एन्व्ह:यूझरइन्स्टॉलेशन=' असे लिहून पुढे तात्पुरत्या संचिकेचा पत्ता द्यावा. या पर्यायात 'यू' आणि 'आय' ही अक्षरे मोठी आहेत. पत्त्याची सुरुवात 'फाइल' हा शब्द, कोलनचे चिन्ह आणि तीन तिरप्या रेघा अशी होते. दोन रेघा घातल्यास चालत नाही, हे मी एक संध्याकाळ घालवून शिकलो आहे.

कोरा_ताव

खिडकी उघडीच होती. बंद केल्यावर काम झाले.

पाणवठा

धागाकर्त्यांनी ज्या प्रकारची मांडणी केली आहे, तशीच आमच्या पतसंस्थेतही आहे. आमच्या गावात वीज अधूनमधून जाते. वीज परत आल्यावर प्रिंटर सुरू होतो, त्याचे दिवे लागतात, एलपी कामाचा क्रमांकही देते, परंतु कागद हलत नाही. संगणक पुन्हा सुरू केला तरी परिस्थिती तीच राहते. अशाने दुपारपर्यंत रांगेत साठ कामे साचली होती.

दिवा_मालवू_नका

हा प्रश्न इतक्यांना पडतो की थोडे सविस्तर लिहितो.

कप्समध्ये रांगेच्या दोन अवस्था एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. टपालपेटीचे तोंड उघडे असणे ही एक गोष्ट झाली आणि पोस्टमन कामावर असणे ही दुसरी. एलपीस्टॅटमध्ये रांग 'कामे स्वीकारत आहे' असे दिसले, तर पेटीचे तोंड उघडे आहे. ती 'डिसेबल्ड' दिसली, तर पोस्टमन घरी बसला आहे. रांगेचे चूक-धोरण 'स्टॉप-प्रिंटर' असेल, तर छपाईच्या मध्येच वीज जाताच कप्स रांग थांबवते आणि कोणीतरी सांगेपर्यंत ती थांबलेलीच ठेवते. संगणक पुन्हा सुरू केला तरी ही नोंद पुसली जात नाही, म्हणून आपल्याला तोच अनुभव पुन्हा आला. पोस्टमनला कामावर बोलावण्याची आज्ञा अशी आहे:

कप्सएनेबल कार्यालय

पेटीचे तोंडच बंद झाले असेल, तर 'कप्सअ‍ॅक्सेप्ट' लागते. डेबियनवर या आज्ञा देणारा वापरकर्ता 'एलपीअ‍ॅडमिन' या गटात असावा लागतो.

वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी धोरणच बदलणे शहाणपणाचे आहे:

एलपीअ‍ॅडमिन -पी कार्यालय -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब

यानंतर कप्स रांग बंद न करता थोड्या थोड्या वेळाने त्याच कामाचा पुन्हा प्रयत्न करते. एक सावधगिरी मात्र हवी. साठ कामे साचलेली असताना कप्सएनेबल दिले, तर साठही कामे छापली जातील आणि त्यांतील निम्मी लोकांनी वैतागून दोन-दोनदा पाठवलेली असतील. आधी 'एलपीस्टॅट -ओ' देऊन यादी पाहावी आणि नकोत ती कामे रद्द करावीत.

पाणवठा

अगदी तसेच होते. एकाच खातेदाराचा उतारा रांगेत सात वेळा सापडला.

कोरा_ताव

आता माझा नवा घोळ सांगतो. मुले येण्याआधी प्रश्नपत्रिका छापून व्हाव्यात, म्हणून रात्रीच काम रांगेत टाकले आणि ते सकाळी ६ वाजता छापावे असे सांगितले. त्यासाठी एलपीला मोठ्या 'एच'चा पर्याय देऊन पुढे ०६:०० लिहिले. सकाळी येऊन पाहतो तर ट्रे रिकामा. मग शेजारच्या शाळेतून झेरॉक्स काढून आणल्या. साडेअकरा वाजता, पेपर संपल्यावर, प्रिंटर आपण होऊन सुरू झाला आणि त्याने १२० प्रती काढल्या.

निवृत्त_यंत्रचालक

घड्याळ बरोबर चालले, साहेब. फक्त ते ग्रिनिचचे होते. कप्सच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की, थांबवून ठेवण्याची ही वेळ यूटीसीप्रमाणे असते, स्थानिक नव्हे. आपण साडेपाच तास पुढे आहोत, म्हणून ०६:०० म्हणजे आपले ११:३०. सकाळी ६ ला हवे असेल तर ००:३० लिहावे. मला स्वतःला हा नियम गैरसोयीचा वाटतो.

अर्धा_रीम

वेळेचा विषय निघालाच आहे, तर एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधतो. रात्रभर रांगेत राहिलेल्या प्रश्नपत्रिकेची प्रत त्या संगणकाच्या 'व्हार' खालील स्पूल संचिकेत असते, हे आपण जाणताच. परंतु छपाई झाल्यावरही ती लगेच पुसली जात नाही. 'प्रिझर्व्हजॉबफाइल्स' या मांडणीचे मूळ मूल्य ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस आहे. त्या मुदतीत ते काम पुन्हा छापण्याची आज्ञाही देता येते. ती संचिका साध्या वापरकर्त्याला उघडता येत नाही हे खरे, परंतु शाळेत सुडोचा परवलीचा शब्द किती जणांना ठाऊक असतो, हे मी वेगळे सांगायला नको. कप्सडी.कॉन्फ या फाइलमध्ये ती मांडणी 'नो' करून सेवा पुन्हा सुरू करावी. प्रश्नपत्रिका, वेतनपत्रके आणि खातेउतारे छापणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हे केलेले असावे, असे माझे ठाम मत आहे.

कोरा_ताव

हे अजिबात ठाऊक नव्हते. आजच बदलतो. माझ्या एका सहकाऱ्यांनी विचारले आहे की, घरून थेट शाळेच्या प्रिंटरवर छपाई करता येईल का. त्यासाठी राउटरवर छपाईचा ६३१ क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कचे दार) उघडा करावा, असे कोणी तरी त्यांना सुचवले आहे.

अर्धा_रीम

कृपया करू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षा-संशोधक सिमोने मार्गारितेली यांनी कप्सशी संबंधित चार त्रुटी उघड केल्या. 'कप्स-ब्राउज्ड' ही सेवा यूडीपीच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कोणाचेही म्हणणे ऐकून घेत असे. एखाद्याने बाहेरून खोटा प्रिंटर पुढे केला आणि कोणी त्या प्रिंटरवर काम पाठवले, की आपल्या संगणकावर त्याला हवी ती आज्ञा चालू शकत होती. दुरुस्त्या निघाल्या आहेत आणि त्या घ्याव्यातच. शिवाय आपला प्रिंटर त्याच संगणकाला यूएसबीने जोडलेला असल्याने ती सेवा आपल्याला लागतही नाही. ती बंद करून टाकावी.

घरून छापायचे असेल तर बाहेरून एसएसएचची सुरक्षित सोय करावी, आणि तीही परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीच्या आधारे. मग घरच्या टर्मिनलवरून एका ओळीत काम होते:

कॅट सूचना.पीडीएफ | एसएसएच शाळा एलपी -डी कार्यालय -टी सूचना

फाइल शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवण्याचीही गरज नाही. शेवटचा 'टी' पर्याय कामाला नाव देतो, नाही तर रांगेत प्रत्येक काम निनावी प्रवाह म्हणून दिसते.

हिरवा_पडदा

आमचा प्रिंटर पाठपोट छापत नाही. टर्मिनलवरून काही सोय आहे का?

निवृत्त_यंत्रचालक

प्रिंटरला स्वतःला पाठपोट छापता येत असेल, तर '-ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज' एवढे पुरते. येत नसेल तर हाताने करावे. आधी '-ओ पेज-सेट=ऑड' देऊन विषम पाने छापावीत. तो गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये घालून '-ओ पेज-सेट=ईव्हन' देऊन सम पाने छापावीत. गठ्ठा उलटा घालायचा की सुलटा, आणि '-ओ आउटपुटऑर्डर=रिव्हर्स' लागेल की नाही, हे प्रत्येक प्रिंटरच्या कागदाच्या वाटेवर ठरते. चार पानांची फाइल घेऊन एकदा प्रयोग करावा आणि जमलेली रीत चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवावी. एकूण पाने विषम असतील तर शेवटचा ताव दुसऱ्या फेरीआधी काढून घ्यावा, कारण त्याला पाठीवर छापायचे पान नसते. तो आत राहिला तर उलट क्रमाच्या छपाईत पुढचे सगळे एक पान सरकते.

कोरा_ताव

धागा सुरू केल्याला आता महिना झाला. काल या महिन्याच्या फाइली छापल्या, म्हणून काय केले ते लिहितो.

एक छोटी स्क्रिप्ट केली आहे. 'पाठवायचे' नावाच्या संचिकेतील प्रत्येक ओडीटी फाइलची ती पीडीएफ करते, 'पीडीएफइन्फो' वापरून पाने मोजते, एकूण किती ताव लागतील ते दाखवते आणि माझ्याकडून होकार घेतल्यावरच एलपीला एकेक फाइल देते. फाइलीच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालायला विसरल्याने पहिल्या दिवशी 'आठवी ब गोषवारा' ही एक फाइल तीन फाइली समजली गेली आणि तिन्ही सापडल्या नाहीत. ते दुरुस्त केले. चाळीस फाइली वीस मिनिटांत छापून झाल्या.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. निकालपत्रके 'निकाल १', 'निकाल २' अशा नावांनी ठेवली आहेत. छापताना क्रम १, १०, ११, २ असा येतो. 'सॉर्ट'ला मोठ्या 'व्ही'चा पर्याय दिला की संख्या संख्येप्रमाणे लावल्या जातात असे वाचले होते, पण काहीच फरक पडला नाही.

खिळाजुळारी

नावांतील अंक देवनागरी आहेत ना? तो पर्याय फक्त रोमन अंकांना संख्या समजतो, आपले अंक त्याच्या लेखी साधी अक्षरे आहेत. नावे 'निकाल ०१', 'निकाल ०२' अशी शून्य लावून ठेवावीत. मग कोणत्याही पर्यायाविना क्रम बरोबर लागेल. वर्गात शंभरपेक्षा अधिक मुले असतील तर दोन शून्ये लावावीत.

कोरा_ताव

पट ६४ चा आहे, एक शून्य पुरेल. नावे बदलायलाही स्क्रिप्टच लिहितो आहे. आधी ती कप्स-पीडीएफच्या रांगेवर चालवून पाहीन.